बिलियर्ड्समधला कॅरम आणि मराठीतलं करंबळ

प्रश्न असा आला आहे: बिलियर्ड्समध्ये ‘कॅरम’ म्हणजे काठावर आपटून परत येणारा फटका का? आणि हा शब्द मूळचा मराठी, हे खरं का?

आधी फटका. कॅरम ही चेंडूंची आपापसातली टक्कर आहे. खेळाडूचा चेंडू एकाला लागून पुढे दुसऱ्यालाही लागला की कॅरम झाला. मध्ये काठ लागलाच पाहिजे असं नाही. ‘थ्री-कुशन’ प्रकारात मात्र दुसऱ्या चेंडूपर्यंत पोचण्याआधी निदान तीनदा काठाला लागावं लागतं. आधी काठ आणि मग चेंडू, अशा फटक्याला ‘ब्रिकोल’ हा वेगळा शब्द आहे. दगड फेकणाऱ्या जुन्या युद्धयंत्राचं ते फ्रेंच नाव. पुढे रोजच्या इंग्रजीत कॅरमचा अर्थ सैलावून ‘आपटून उसळणं’ असा झाला. गल्लत होते ती त्यामुळे.

आता व्युत्पत्ती. कॅरम हे ‘कॅरंबोल’चं आखडलेलं रूप. त्यामागे फ्रेंच ‘कारांबोल’, म्हणजे टेबलावरचा लाल चेंडू, आणि स्पॅनिश ‘कारांबोला’. पोर्तुगीजमध्ये याच नावाचं फळही आहे: पाच धारांचं, आंबट, आडवं कापलं की चांदणी दिसते ते. हिंदीत कमरख, संस्कृतात कर्मरंग. गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने ‘कारांबोला’ हे मलबारातलं नाव म्हणून दिलं आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात मात्र ‘करंबळ’ मराठी म्हणून सापडतं, आणि पोर्तुगीज शब्द मराठीतून गेला असं मानणारे कोशकारही आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने झाडाच्या शास्त्रीय नावातही ‘कॅरंबोला’ ठेवलं.

म्हणजे फळाच्या नावावर आपला दावा बऱ्यापैकी भक्कम आहे. पण फळावरून चेंडू, ही उडी मला फारशी पटत नाही. कोशही तिथे ‘बहुधा’ घालूनच लिहितात. पिकलेलं करंबळ पिवळं, चेंडू लाल. फळाला धारा, चेंडू गुळगुळीत. उच्चार एक आहे एवढाच काय तो धागा. तेव्हा ‘बिलियर्ड्सला शब्द मराठीने दिला’ असं छातीठोकपणे सांगत फिरू नये.

शब्दाचा पुढचा प्रवास जास्त गमतीचा आहे. स्पॅनिशमध्ये एखादी गोष्ट ‘कारांबोलाने’ झाली म्हणजे नशिबाने, ध्यानीमनी नसताना जमली. फ्रेंच ‘कारांबोलाज’ म्हणजे रस्त्यावर एकामागून एक गाड्या आदळणं. जर्मनांनीही तो उचलला. इंग्लंडात कॅरमचा अपभ्रंश होऊन ‘कॅनन’ झाला. तोफेशी त्याचा काही संबंध नाही. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये कॅननला 2 गुण मिळतात.

सोंगट्यांच्या कॅरमलाही नाव इथूनच मिळालं. तिथे फ्रेमवर आपटून घेतलेल्या फटक्याला खेळणारे ‘रिबाउंड’ म्हणतात, कॅरम नव्हे.