जस्ताच्या पट्टीसाठी मुदत ठेव मोडावी का?

तुमच्या पत्राचा सारांश असा: घराचं अस्फाल्ट शिंगलचं (वर खडीचे दाणे असलेल्या पातळ डांबरी पट्ट्यांचं) छप्पर १२ वर्षांचं झालंय. सावलीकडच्या उतारावर शेवाळाचा जाड थर आलाय, उन्हाची बाजू स्वच्छ आहे. ठेकेदाराने दोन पर्याय दिलेत. पहिला, पाच वर्षं दरवर्षी झिंक सल्फेटची (शेवाळ मारणाऱ्या जस्ताच्या क्षाराची) फवारणी, आणि सगळे पैसे आगाऊ भरले तर दहा टक्के सूट. दुसरा, आढ्यालगत जस्ताची पट्टी, जिचा खर्च एका फवारणीच्या साडेतीन पट. आत्ताचं शेवाळ काढायची मजुरी दोन्हीकडे सारखीच. कुठला पर्याय घेऊ, आणि त्यासाठी मुदत ठेव मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

ठेव मोडू नका. पट्टी बसवून घ्या, पण हातातलं कोटेशन बदलून घेतल्यावरच.

तुम्हाला सर्वात जास्त मोह त्या सवलतीचा पडलेला दिसतो, म्हणून आधी तिचंच बघू. पाच फवारण्यांचे पैसे आज भरायचे आणि त्याबदल्यात अर्ध्या फवारणीचे वाचवायचे. यातली पहिली फवारणी एरवीही आजच रोख द्यायची होती. उरलेल्या चारांचे पैसे एक, दोन, तीन, चार वर्षं आधी जातात. हिशेब मांडला तर हा वर्षाला साधारण साडेपाच टक्क्यांचा परतावा निघतो, दहाचा नव्हे. आणि तो कोणाच्या भरवशावर? तारण नाही, हमी नाही, उद्या ठेकेदाराने धंदा गुंडाळला तर दाद मागायला जागा नाही. शिवाय पाचही फवारण्या लागतीलच असं नाही. फवारलेलं झिंक सल्फेट पावसाने हळूहळू धुऊन जातं हे खरं, पण एखाद्या वर्षी छप्पर स्वच्छ असेल तर ती फवारणी सरळ टाळता येते. आगाऊ पैसे भरलेत की ही मोकळीक गेली.

आता पट्टी. तिच्यावर पाऊस पडला की जस्ताचे अंश पाण्याबरोबर उतारावरून खाली येतात, आणि शेवाळाला ते सोसत नाहीत. फवारणी दरवर्षी लागत असेल तर पट्टीचा खर्च चौथ्या वर्षी भरून निघतो, वर्षाआड लागत असेल तर सातव्या वर्षी. अशी छपरं साधारण २० ते ३० वर्षं टिकतात, म्हणजे तुमच्या छपराची किमान आठेक वर्षं उरलीत. दोन्ही हिशेबांत पट्टी परवडते, दुसऱ्यात जेमतेम. छप्पर २० वर्षांचं असतं तर मी फवारणीच सुचवली असती, तीही एकेका वर्षाची.

पट्टी काम करते की नाही, हे तुम्हाला फुकटात तपासता येईल. धुराड्याच्या किंवा हवेच्या पाइपाच्या बुडाशी गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर त्याच्या खालचा पट्टा जमिनीवरूनच नीट बघा. वर हिरवं, आजूबाजूला हिरवं आणि पत्र्याखाली मात्र स्वच्छ ओघळ, असं बऱ्याच छपरांवर दिसतं. त्या पत्र्यावर जस्ताचा फक्त पातळ लेप असतो. तुमच्याकडे तसा ओघळ दिसला तर यापेक्षा चांगला पुरावा कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

मला खटकलं ते कोटेशनमधलं माप. तुमचं आढं १२ मीटर लांब आहे आणि पट्टी लावलीय २४ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना. उन्हाच्या बाजूला शेवाळच नाही, मग तिथली १२ मीटर कशासाठी? उलट सावलीकडचा उतार आढ्यापासून पन्हळीपर्यंत सात मीटर आहे, आणि जस्ताचा परिणाम साधारण चार-पाच मीटरनंतर विरत जातो. म्हणजे कोटेशन जसंच्या तसं मान्य केलंत तर खालचे दोन-तीन मीटर, जिथे ओल सर्वात जास्त टिकते, तिथेच शेवाळ परत येईल आणि फवारणीचा खर्च मागच्या दाराने घरात शिरेल. ठेकेदाराला सांगा की तेवढीच २४ मीटर पट्टी लावा, पण सगळी सावलीच्या बाजूला: एक ओळ आढ्यालगत, दुसरी उताराच्या मध्यावर. मधली ओळ शिंगलच्या कडेखाली सरकवून बसवावी लागते, त्यामुळे मजुरी थोडी वाढेल. ती द्यावी.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की पन्हळीचं पाणी माशांच्या छोट्या तळ्यात जातं. ही गोष्ट महत्त्वाची आहे. जस्त जलचरांना घातक असतं, मग ते पट्टीतून येवो की फवारणीतून. पाणी दुसरीकडे वळवायच्या पाइपाचा खर्च दोन्ही पर्यायांत धरा. तो नको असेल तर जस्ताचा नाद सोडा, सावली करणाऱ्या फांद्या छाटा आणि मऊ ब्रशने वेळोवेळी सफाई करून घ्या. सगळ्यात स्वस्त पर्याय कदाचित हाच ठरेल.

पैसे कुठून आणायचे? चालू बचतीतून. शेवाळ छपराचं नुकसान करतं ते वर्षानुवर्षं ओल धरून आणि शिंगलच्या कडा उचलून. तीन-चार महिने थांबल्याने फारसं बिघडत नाही. तेवढ्यात महिन्याच्या शिलकीतून रक्कम जमेल आणि ठेवीचं व्याजही बुडणार नाही. घरात आधीच पाणी ठिबकत असेल तर मात्र थांबू नका, आणि आधी गळतीच काढा. तेव्हा ठेवीला हात लावलात तरी चालेल. विम्याच्या भरवशावर राहू नका, कारण बहुतेक घरविम्यांत हळूहळू होणारी झीज वगळलेली असते.

सही करण्याआधी कोटेशनमध्ये एक ओळ लिहून घ्या: शेवाळ हाताने आणि मऊ ब्रशने काढायचं, प्रेशर वॉशर वापरायचा नाही. त्या जोराच्या फवाऱ्याने शिंगलवरचे खडीचे दाणे निघून जातात. डांबराला उन्हापासून वाचवणारे तेच दाणे. ते गेले तर छपराची जी आठेक वर्षं धरून मी वरचा हिशेब केलाय, ती तितकी राहणार नाहीत.