अक्रोड, अखरोट आणि माडावरचा जौज

'आमच्या परसातल्या झाडाला सगळे जंगली अखरोट म्हणतात. ते खऱ्या अखरोटाचं भाऊबंद का?' असं गुहागरकडच्या एका वाचकाने विचारलंय.

आधी शब्द. मराठीत अक्रोड! दापोलीपासून मालवणपर्यंत सुक्या मेव्याच्या दुकानांत 'अखरोट' ऐकून कान किटले. संस्कृत अक्षोट, प्राकृत अक्खोड. वटाचा वड झाला, घोटकाचा घोडा, तसाच इथे टचा ड. मधला र हिंदीतही घुसला, पण ड आपण राखला. घरचा शब्द असताना उसना कशाला?

भाऊबंद म्हणाल तर नाही. जंगली अक्रोड एरंडाच्या कुळातला. त्याचं बी कच्चं खाऊ नका, उलट्या-जुलाब होतात. अक्रोडाच्या कुळातलं उष्ण आशियातलं झाड म्हणजे एंगेलहार्डिया. ते हिमालयाच्या पायथ्यापासून न्यू गिनीपर्यंत वाढतं. फळ वाटाण्याहून लहान, त्याला तीन फाट्यांचा पंख, आणि अशा फळांचे लांब घोस लोंबतात. त्याला बघून अक्रोड कुणाला आठवेल? लोक नाव ठेवतात ते रूप पाहून. कुळ कोण बघतो?

याचा सगळ्यात सुंदर दाखला अरबीत आहे. तिथे अक्रोड म्हणजे जौज, मूळ जुन्या फारसीतलं गोज. दहाव्या शतकात अरब व्यापारी आपल्या चौलला, त्यांच्या सैमूरला, येत होते. नारळाला अरबीत नाव पडलं 'जौज हिंदी', हिंदचा अक्रोड! जायफळ झालं 'जौज अत्-तीब', सुगंधाचा अक्रोड. म्हणजे माडाखाली जायफळ लावलेली कोकणातली कुठलीही वाडी अरबी डोळ्यांना अक्रोडांची बाग. ओळखीचं कठीण फळ धरायचं आणि पुढे गावाचं किंवा गुणाचं नाव जोडायचं. 'जंगली' अक्रोडही असाच घडला.

काही अभ्यासक अक्षोट हा परकाच शब्द, त्याला संस्कृतचा अंगरखा चढवला, असं मानतात. मला हे मुळीच पटत नाही. संस्कृतात अक्ष म्हणजे फासा, आणि अक्ष म्हणजे बेहडाही, कारण जुने फासे बेहड्याच्या फळांचेच असत. टणक वाटोळ्या फळाचं नाव घरात तयार असताना अक्षोटातला अक्ष बाहेर शोधायची गरजच काय? कुंभार्ली घाटातून उतरताना बेहडा दिसला तर खाली पडलेलं एक फळ उचला. वरचा गर सोला, आतली आठळी दगडाने फोडून बघा. अक्रोड फोडताना लागतो तसाच जोर लागेल.