बाहुल्यांची इतकी भीती वाटते की खोलीत एखादी असली तरी झोप लागत नाही. ही भीती कशी घालवू?

ही भीती जाते, आणि त्यासाठी बाहुलीला टाळणं थांबवून टप्प्याटप्प्याने तिच्या जवळ जावं लागतं. मानसशास्त्रात या भीतीला पीडिओफोबिया म्हणतात. अशा ठरावीक गोष्टींच्या भीतीवर एक्सपोजर थेरपी, म्हणजे भीती वाटते त्याच गोष्टीला थोडंथोडं सामोरं जाणं, हाच सगळ्यात प्रभावी उपचार मानला जातो. बाहुली दिसताच तोंड फिरवलं की हायसं वाटतं, पण मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतो आणि भीती मुरत जाते. यात वेडेपणा मुळीच नाही, हे आधी मनावर घ्या. चेहरा जवळजवळ माणसाचा, पण काचेचे डोळे एकाच जागी खिळलेले, पापणी लवत नाही: अशा चेहऱ्याने पुष्कळांना अस्वस्थ वाटतं. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली हेच मांडलं होतं.

सुरुवात बाहुलीच्या साध्या रेखाटनाने करा. मग फोटो, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली कापडी बाहुली, मग टेबलावर समोर, शेवटी हातात. काचेच्या डोळ्यांची अगदी नंतर. छाती धडधडली तरी लगेच उठू नका; धडधड बरीच ओसरेपर्यंत तिथेच थांबा. तोच टप्पा रोज करा, कंटाळा यायला लागला की पुढचा.

मात्र बाहुली नुसती आठवली तरी श्वास कोंडत असेल, किंवा भीतीमागे लहानपणचा एखादा वाईट प्रसंग असेल, तर हे एकट्याने करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखालीच करा.