वाचकांचे प्रश्न : केळीचं रान विकून पुण्यात फ्लॅट घ्यावा का?

एसटीत ३१ वर्षं चालक म्हणून नोकरी केलेले, जळगावला राहणारे आपले 'नाना' या अंकात रहदारीवर आलेल्या तीन पत्रांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : नाना, माझा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. राहतो हडपसरला, मित्रांसोबत. जायला दीड तास, यायला दीड तास, तेही मोटारसायकलवर. संध्याकाळी फोन केला की म्हणतो, "आई, गाडीवर आहे, बोल." रात्री दहाला जेवतो. आता हडपसरच्याही पुढे एका स्कीममध्ये फ्लॅट स्वस्त मिळतोय, म्हणून त्याच्या वडिलांच्या मनात आमचं दोन एकर केळीचं रान विकायचं आहे. मला रात्री झोप लागत नाही. काय करावं?
— एक आई, यावल तालुका

नाना : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एवढं सांगतो की रान विकू नका. निदान या वर्षी तरी नाही.

आपल्याकडे अंतर किलोमीटरवर सांगतात. यावलहून भुसावळ वीसेक किलोमीटर म्हटलं की तापीचा पूल ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात माणूस बाजारात पोचतो, हे आपण धरूनच चालतो. पुण्यात हा हिशेब चालत नाही. टॉमटॉम नावाची कंपनी जगभरातल्या शहरांमधल्या रहदारीचा वेग मोजते. तिच्या २०२४ च्या यादीत पुणे जगात चौथं आलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. ही वर्षभराची सरासरी आहे. ऑफिसच्या वेळेला काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी मुलगी वाकडला राहते. पोळा झाल्यावर महिनाभर तिच्याकडे होतो. लॉगशीट भरायची सवय एवढ्या वर्षांची, त्यामुळे जावई किती वाजता निघतात आणि किती वाजता पोचल्याचा मेसेज येतो हे वहीत लिहून ठेवायला लागलो. जायचं हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे नऊ-दहा किलोमीटर. सव्वासातला निघाले त्या दिवशी २४ मिनिटं. नऊला दहा कमी असताना निघाले त्या दिवशी ५८. एका बुधवारी पाऊस लागला, तर एक तास वीस मिनिटं. माणूस तोच, गाडी तीच, रस्ता तोच. दीड तास आधी निघाल्याने अर्धा तास वाचला. मग त्यांनी साहेबांशी बोलून कामाची वेळ आठ ते पाच करून घेतली. असं सगळ्यांना जमत नाही, पण विचारायला हरकत नाही. तुमच्या मुलालाही एकदा विचारून बघायला सांगा.

आता त्याचा हिशेब करू. रोजचे तीन तास, वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरा. साडेसातशे तास झाले. चोवीस तासांचा एक दिवस धरला तर एकतीस दिवस. वर्षातला एक अख्खा महिना पोरगा रस्त्यावर, धुरात, पाठीला ओझं लावून. तुमचं दोन एकर रान जाणार ते हा महिना विकत घ्यायला, कारण नवा फ्लॅट हडपसरच्याही पुढे आहे, म्हणजे ऑफिसपासून आणखी लांब. स्वस्त आहे तो त्याचमुळे.

त्याच्या वडिलांना माझ्याकडून सांगा : बिल्डर जागा दाखवतो रविवारी दुपारी. तुम्ही सोमवारी जा. सकाळी साडेआठला त्या स्कीमच्या फाटकापासून मुलाच्या मागे बसून ऑफिसच्या फाटकापर्यंत जा आणि त्याच वाटेने संध्याकाळी सातला परत या. मग सातबाऱ्याला हात लावायचा की नाही ते ठरवा.

तोवर त्याने ऑफिसच्या जवळ अकरा महिन्यांच्या करारावर खोली घ्यावी. वाकड, हिंजवडी, माण, मारुंजी, जिथे दोघं-तिघं मिळून परवडेल तिथे. भाडं थोडं जास्त पडेल, पण पेट्रोल वाचेल, शरीर वाचेल. अकरा महिन्यांनी नोकरी बदलली तर खोली बदलता येते, फ्लॅट बदलता येत नाही. पुढे कधी घ्यायचंच ठरलं, तर मेट्रोचा नकाशा समोर ठेवून घ्या. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही एक मार्गिका, वनाज ते रामवाडी ही दुसरी आणि माण-हिंजवडीहून शिवाजीनगरपर्यंतची २३ किलोमीटरची तिसरी. स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत येईल ते घर, मग एक खोली कमी असली तरी चालेल.

आता गाडीवरच्या दोन गोष्टी. हे वाक्य न वाक्य त्याला वाचून दाखवा.

बसच्या डाव्या बाजूने घुसू नकोस, बाळा. मी एवढी वर्षं त्या सीटवर बसलो, म्हणून सांगतो. डाव्या पुढच्या कोपऱ्याजवळ एक जागा अशी असते की तिथे मोटारसायकल आली तर चालकाला आरशातही दिसत नाही आणि काचेतूनही दिसत नाही. हेल्मेटचा वरचा गोळाही दिसत नाही. बस डावीकडे वळते तेव्हा पुढचं चाक बाहेरून जातं आणि मागचं आत कापत येतं. पुढचं चाक गेलं म्हणजे जागा मोकळी झाली असं पोरांना वाटतं, आणि मागचं चाक नेमकं तिथेच येतं. साधी खूण लक्षात ठेव. बसच्या आरशात तुला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही तू दिसत नाहीस. मग मागेच थांब.

दुसरी गोष्ट अंतराची. एका दिवाळीच्या आदल्या दिवशी मुंबईहून जळगावची गाडी घेऊन निघालो होतो. ठाण्यात माजिवड्याच्या आधीच सगळं तुंबलं. गाडीत उभे प्रवासी, दुसऱ्या सीटवर एक बाळंतीण, दीड महिन्याचं लेकरू मांडीवर. दर वेळी ब्रेक मारला की ते दचकून रडायचं. गिअरच्या दांड्याला रुमाल गुंडाळलेला होता, तो घामाने ओला झाला आणि क्लच दाबून दाबून डावा गुडघा थरथरायला लागला. तेव्हा मी पुढच्या ट्रकच्या मागे एका गाडीची जागा मोकळी सोडली आणि पहिल्या गिअरवर, क्लच सोडून, नुसतं चालत्या माणसाच्या वेगाने जाऊ दिलं. कंडक्टर म्हणाला, "नाना, लोक मध्ये घुसतायत, आपण मागे पडू." घुसले, आठ-दहा गाड्या घुसल्या. कसाऱ्याच्या पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा त्यातल्या निम्म्या तिथेच उभ्या होत्या. लेकरू झोपलेलं होतं.

पुढे नातवाने मला एक व्हिडिओ दाखवला. जपानी शास्त्रज्ञांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी लावल्या आणि सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर सिग्नल नाही, खड्डा नाही, वळणारं कोणी नाही. तरी थोड्याच वेळात गाड्या थांबू लागल्या आणि तो थांबा एका गाडीवरून मागच्या गाडीवर सरकत राहिला. कोणीतरी पुढच्याच्या फार जवळ गेला, जरासा ब्रेक मारला, मागच्याने त्याहून जोरात मारला. झाला जाम. माजिवड्याला माझ्या गुडघ्याला जे कळलं होतं ते त्या गोल रस्त्यावर दिसत होतं. म्हणून त्याला सांगा, पुढच्या गाडीला चिकटू नकोस. जागा सोडलीस तर तू मागे पडत नाहीस, आणि तुझ्या मागचे चारजण सुखाने चालतात.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्याकडूनही हवी. संध्याकाळी सात ते साडेआठ त्याला फोन करू नका. तुम्हाला काळजी वाटते म्हणूनच तुम्ही करता, ते मला कळतं. पण आईचा फोन आहे म्हटल्यावर तो चालत्या गाडीवर उचलतो. दुसऱ्या कोणाचा कदाचित नसता उचलला. घरी पोचल्यावर त्याने करायचा, एवढं ठरवून टाका.

प्रश्न : नाना, इतके उड्डाणपूल बांधले, रस्ते रुंद केले, तरी शहरांतली गर्दी का हटत नाही?
— निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

नाना : गुरुजी, तुमचं शेत असेल तर हे तुम्हाला माझ्याआधी कळेल. पाट कितीही रुंद करा, वाफ्याचं तोंड अरुंद असेल तर पाणी तिथेच तुंबतं. शहरात ते तोंड म्हणजे चौक. पूल एका चौकावरून गाड्या उचलतो आणि पुढच्या चौकात आणून ओततो. पुण्यात विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडला, तिथलं नवं काम २०२३ मध्ये खुलं झालं. पूल बांधूच नयेत असं मी म्हणत नाही. चांदणी चौकात पूर्वी बसमध्ये बसून किती वेळ गेलाय हे मला ठाऊक आहे. पण रस्ता मोकळा झाला की काल बसने जाणारा आज मोटार काढतो, आणि दोन-चार वर्षांत तो रस्ता पुन्हा भरतो.

ज्या शहरांनी हे ओळखलं त्यांनी गाडीवर पैसे लावले. सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या मोटारींना परवाना घ्यायला लावला. लंडनने २००३ पासून मध्यवर्ती भागात शिरायला शुल्क ठेवलं. आपल्याकडे हे करायचं असेल तर आधी बस वेळेवर आली पाहिजे, नाहीतर लोकांना नुसता दंड बसेल.

मी एसटीचा माणूस आहे आणि मला हे पोटातून वाटतं. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी धावली. आजच्या एका गाडीत चाळीसेक माणसं बसतात आणि ती गाडी रस्त्याची अकरा-बारा मीटर जागा घेते. तीच माणसं एकेकटी मोटारीत बसवा, दीडशे मीटरहून लांब रांग होईल, तीही एकाला एक चिकटवून. शहरात बसला वेगळी वाट द्या असं कोणी म्हटलं की मोटारवाले रागावतात. त्यांनी एकदा दाटीच्या वेळी बसमध्ये उभं राहून बघावं, एवढीच विनंती.

प्रश्न : नाना, मी जळगावात कॉलेजला सायकलने जाते. रोज महामार्ग ओलांडावा लागतो. ट्रक आणि डंपर इतके वेगात येतात की पाय उचलत नाही. घरचे म्हणतात, कॉलेज बदल.
— एक विद्यार्थिनी, जळगाव

नाना : पोरी, कॉलेज बदलू नकोस.

पूर्वी हा रस्ता ६ नंबरचा होता, आता ५३ नंबरचा. सुरतेकडून येतो, नागपूरवरून पुढे ओडिशातल्या पारादीपकडे जातो. बाहेरून बाहेर जाणारी वाहनं आणि आपली दूध-भाजी-शाळेची ये-जा एकाच डांबरावर आली, हे या गावाचं जुनं दुखणं आहे. समांतर रस्त्यांसाठी इथले लोक किती वर्षं बोलतायत ते तुझ्या वडिलांना विचार.

तुझ्या हातात काय आहे ते सांगतो. साठच्या वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सतरा मीटर येतो. तू दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जायलाच तो सेकंद लागतो. त्यानंतर ब्रेक धरायला लागतो, आणि भरलेली गाडी लवकर थांबत नाही. म्हणून हात दाखवून मध्ये उतरायचं नाही. आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा असा जवळचा मोठा चौक असेल तिथूनच जा किंवा भुयारी मार्गाने जा, पाच-सात मिनिटं जास्त लागली तरी. सायकलवरून उतर, हातात धरून चालत जा. सायकल तुझ्या आणि येणाऱ्या गाडीच्या मध्ये ठेवलीस तर निदान तिचं हँडल तरी चालकाला आधी दिसेल.

सर्वांत महत्त्वाचं : एक गाडी थांबली म्हणून दुसरी थांबेल असं कधी धरू नकोस. भला चालक तुझ्यासाठी थांबतो, तू निघतेस, आणि त्याच्या पलीकडून ओव्हरटेक करून येणाऱ्याला तू दिसतच नाहीस, कारण मध्ये तो थांबलेला ट्रक उभा असतो. थांबलेल्या ट्रकच्या पुढच्या कडेला आलीस की एक क्षण थांब, मान काढून पलीकडे बघ, मगच पुढचं पाऊल. मी स्वतः थांबलो आणि शेजारून दुसरा सुसाट गेला, असं दोनदा घडलंय. दोन्ही वेळा माणूस वाचला. त्यातली एक म्हातारी होती, डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी. तिचा चेहरा अजून आठवतो.

सायकलला मागे लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी लाव, दुकानात थोड्या पैशात मिळते. हिवाळ्यात क्लास सुटायच्या वेळी अंधार असतो.

आणि आणखी एक काम, ते एकटीने नको, मैत्रिणींना घेऊन कर. आठवडाभर सकाळी पावणेदहा ते सव्वादहा त्या जागी उभ्या राहा. किती जड वाहनं गेली, किती मुला-बायकांनी रस्ता ओलांडला, कोणाला किती वेळ थांबावं लागलं, तारीख घालून लिहा. कागदाचा तक्ता करा, प्राचार्यांची सही घ्या आणि महापालिका व वाहतूक शाखेत द्या, पोच घेऊन. तोंडी तक्रारीचं काय होतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. तारीखवार आकडे असलेला कागद बाजूला सारणं त्यांनाही जड जातं. तक्ता कसा आखायचा कळलं नाही तर या अंकाच्या पत्त्यावर लिही. मी जळगावातच आहे, सकाळी मोकळा असतो, तुमच्याबरोबर उभा राहीन.