'स्मरणरंजन', 'गतकातरता' की नुसती 'हुरहूर'?

प्रश्न असा: दहावी होऊन ३० वर्षं झालेल्या वर्गाचं गेट-टुगेदर आहे. निमंत्रणावर 'पुनर्मीलन' छापावं की 'स्नेहसंमेलन'? आणि स्मरणिकेतल्या मनोगतात 'नॉस्टॅल्जिया'साठी कोणता मराठी शब्द घ्यावा?

निमंत्रणाचं आधी उरकू. संस्कृतात 'मिल्' म्हणजे भेटणे आणि 'मील्' म्हणजे मिटणे. डोळे मिटतात ते निमीलन, उघडतात ते उन्मीलन. भेट अभिप्रेत असेल तर 'मि' ऱ्हस्वच हवा: पुनर्मिलन. रफारही नीट पाहा. 'र्' चा उच्चार 'मि'च्या आधी होतो, म्हणून रफार 'मि'वर बसतो. 'पुर्नमिलन' ही चूक इतकी सर्रास होते की मुद्रितं तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते.

'स्नेहसंमेलन' शब्द म्हणून निर्दोष आहे, पण शाळेच्या संदर्भात तो वार्षिक गॅदरिंगला चिकटलेला आहे. निमंत्रण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नाच-नाटुकली येतील. त्यापेक्षा 'स्नेहमेळावा' बरा. मात्र 'माजी विद्यार्थिमेळावा' असा समास करू नका, कारण मग 'माजी' हे मेळाव्याचं विशेषण होतं. 'माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा' असं मोकळं लिहिलं की काम भागतं. 'बॅच'ला 'तुकडी' म्हणण्याचाही आग्रह नको. शाळेत तुकडी म्हणजे अ किंवा ब, दहावीचं वर्ष नव्हे.

आता मुख्य शब्द. 'नॉस्टॅल्जिया' जन्माला आला तो आजाराचं नाव म्हणून. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने बाझलमधल्या आपल्या प्रबंधात दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला: 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर राहिलेल्यांना जडणारं दुखणं, असा त्याचा अर्थ होता. ओढ घराऐवजी गेलेल्या काळाची, हा अर्थ नंतर रुळला. परतणं आणि दुखणं ही दोन्ही अंगं ध्यानात ठेवली की मराठी पर्याय पारखता येतात.

'स्मरणरंजन'मध्ये आठवण आहे, आनंद आहे, दुखणं अजिबात नाही. जुन्या खोड्या, टोपणनावं, मधल्या सुट्टीतली भांडणं आठवून तासन्‌तास हसणं म्हणजे स्मरणरंजन. ते आपण करतो, त्यात रमतो. पण 'मला स्मरणरंजन झालं' असं वाक्य होत नाही, कारण ही आपसूक दाटून येणारी भावना नव्हे. शिवाय लेखनाला 'स्मरणरंजनात्मक' म्हटलं की त्यात थोडा टीकेचा सूर येतो, हे मनोगत लिहिणाऱ्याने विसरू नये.

'गतकातरता'मध्ये दुखणं आहे. इथे 'कातर' म्हणजे व्याकूळ. कातर स्वर, कातरवेळ यांतला तोच. (कापायची कातर वेगळी, ती 'कर्तरी'वरून आली.) अर्थाच्या दृष्टीने 'नॉस्टॅल्जिया'च्या सगळ्यांत जवळचा शब्द हाच. अडचण वापराची आहे: 'गतकातरतेने' तोंडात घोळत नाही. विशेषण केलं की तो हलका होतो. 'गतकातर मन', 'सगळेच जरा गतकातर झाले' ही वाक्यं सहज वाचली जातात.

'हुरहूर' बोलीतली, आपोआप लागणारी. पण तिला काळाची दिशा नाही. उद्याच्या प्रवासाचीही हुरहूर लागते, त्यामुळे तिच्याजवळ आठवणीचा उल्लेख हवाच. 'रुखरुख' आणखी निराळी: काही करायचं, बोलायचं राहून गेलं असेल तरच ती लागते.

एक वाक्य घेऊन पाहा. 'जुन्या बाकावर बसलो तर गुडघे वरच्या फळीला लागले. कर्कटकाने कोरलेलं नाव मात्र तसंच होतं.' पुढे 'आम्ही स्मरणरंजनात रमलो' असं जोडलं तर गुडघे वाया गेले. 'मन गतकातर झालं' चालेल, पण जे दिसलं त्यावर लेबल लावल्यासारखं होईल. 'कसलीशी हुरहूर लागली' इथे चपखल बसतं, कारण आठवण आधीच्या वाक्यात येऊनच गेली आहे. माझं मत विचाराल तर लेखाच्या मथळ्यात किंवा विवेचनात 'गतकातरता' ठेवा आणि अनुभव सांगताना क्रियापदांवर भिस्त ठेवा: गलबलून आलं, गहिवरून आलं, आठवणींचे कढ आले. मराठीत अशा भावना नामांपेक्षा 'येणे' आणि 'लागणे' यांतूनच जास्त बोलतात.

याच मनोगतांत वयाचे उल्लेख हमखास चुकतात. मराठीत पन्नाशी हा टप्पा आहे, ५० ते ५९ असा पट्टा नव्हे. म्हणून ती गाठतात, उलटते, माणूस तिच्याकडे झुकतो, तिला टेकतो. दहावीनंतर ३० वर्षांनी भेटणारे साधारण ४५-४६ वर्षांचे, म्हणजे 'चाळिशी उलटलेले' किंवा 'पन्नाशीकडे झुकलेले'. त्यांना 'चाळिशीतले' म्हणणं इंग्रजी वळणाचं. 'उतारवय' तर इतक्यात नकोच. 'वय वाढलं' ही नुसती मोजणी झाली आणि 'वय झालं' हा निकाल. वर्गमित्राचे पांढरे केस पाहून जे होतं त्याला 'वय जाणवलं' म्हणतात. आणि 'चाळिशी' म्हणजे जवळचं वाचायचा चष्मासुद्धा, त्यामुळे 'जुना वर्गफोटो हाती येताच सगळ्यांनी चाळिशी लावली' हे वाक्य शुद्ध आहे, संपादकाने त्याला हात लावू नये.