टिंबं नसलेला शब्द

"मॅडम, सासूबाई देवघरात पोथी वाचत होत्या. आणि आतल्या खोलीतून ह्याच्या तोंडून जे काही बाहेर पडलं ना... त्यांनी पोथी मिटली आणि डोळ्याला पदरच लावला."

फोनवर ही आई बोलत होती तेव्हा मागे मिक्सर चालू होता. बहुतेक मुद्दाम लावलेला, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. तिचा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी मला कुणी ना कुणी विचारतंच: गेम खेळता खेळता आमचं पोरगं इतकं रागीट कसं झालं? शिव्या देतो, फोन आपटतो, जेवायला हाक मारली तर अंगावर येतो. उद्या कुणाला मारणार तर नाही ना?

मुलाच्या आणि आईवडलांच्या परवानगीनं ही गोष्ट सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला ओंकार म्हणू. वडलांचा धंदा मात्र खरा ठेवलाय, मोटार रिवायंडिंगचा, कारण त्याशिवाय पुढची एक गोष्ट सांगताच येणार नाही.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ती बदलत राहतात. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. पुढच्या वर्षी त्याचाच भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला, मे २०२३ मध्ये परत आला. शिव्या या सगळ्या काळात कुठंच गेल्या नव्हत्या. ओंकारचा गेमही त्याच जातीचा: शंभर जण एका बेटावर उतरायचे, चौघाचौघांच्या तुकड्या, शेवटी जो उरेल तो जिंकला. तुकडीत मित्र असतील तर ठीक, नसतील तर गेम कुणीही तीन अनोळखी जोडून देतो. त्यांना पोरं 'रँडम' म्हणतात. ओंकारचा माइक या रँडम मंडळींसमोर रोज दोन-अडीच तास उघडा असायचा. अठराच्या आतल्यांना अशा गेममध्ये वेळेची मर्यादा असते, पण ती जन्मसाल खरं टाकलं तर. ह्यानं खातं वडलांच्या नंबरवर काढलं होतं, म्हणजे गेमच्या हिशेबी तो बेचाळीस वर्षांचा होता.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली, ती आधी सांगते. नेहमीचं वेळापत्रक दिलं: रोज एक तास, नऊ ते दहा, दहाला फोन आईकडे. आठवड्यात घरातली भांडणं दुप्पट झाली. आई बरोब्बर दहाला राऊटर बंद करायची आणि तेव्हा सामना ऐन मध्यावर असायचा. एक सामना शेवटपर्यंत गेला तर अर्धा तास सहज लागतो. मध्येच गायब होणारा गडी म्हणजे उरलेल्या तिघांना दगा. ते तक्रार करतात, वागणुकीचे म्हणून जे गुण असतात ते घटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलं कुणी भेटलं तर पहिल्या मिनिटापासून उद्धार सुरू. गल्लीत क्रिकेट खेळताना बॅटिंग करून फिल्डिंगला घरी पळणाऱ्या पोराला आपण काय म्हणायचो ते आठवा. घड्याळ लावून मीच त्याला तसा पळपुटा करून ठेवला होता. आता मी मिनिटं सांगत नाही, सामने सांगते. शाळेच्या दिवशी दोन, आणि दुसरा साडेनऊनंतर सुरू करायचा नाही.

दुसऱ्या भेटीला वडीलही आले. फोन त्यांच्याच खिशात. कोपऱ्यातून निघालेला तडा, वर सेलोटेप. "एक घाव घालतो ह्याच्यावर, विषय संपला," म्हणाले. ओंकार गप्प. मी आईवडलांना बाहेर बसवलं आणि त्याला म्हटलं, "तू काय बोलतोस ते घरच्यांनी सांगितलं. तुला काय काय बोलतात?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तोंडानं सांगायला लाजत होता, म्हणून कागद दिला. बराच वेळ लिहीत बसला. हिंदीतल्या शिव्या, एकाखाली एक, प्रत्येकीचं पहिलं अक्षर आणि पुढं टिंबं टिंबं. पोराचे संस्कार कुठं गेले म्हणून आई रडत होती. ते त्या टिंबांत होते. यादीच्या मध्ये एकच शब्द पूर्ण लिहिलेला होता, टिंबं नसलेला: आंटी.

"हे काय?"

"ते शिवी नाहीये ना, म्हणून पूर्ण लिहिलं."

हळूहळू उलगडलं. वर्षभरापासून त्याचा आवाज फुटत होता. मध्येच चिरकायचा. माइक उघडला की कुणीतरी म्हणायचंच, "आंटी, फोन बेटे को दो." शिवाय हिंदी आपल्याकडची, 'मेरे को वो बाजू जाने का है' छापाची. त्यावरून 'गांववाला' वेगळंच. मग त्यानं दोन गोष्टी शिकून घेतल्या. आवाज घशातून खाली ओढून बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला शिवी जोडायची. त्या गर्दीत मोठा पुरुष वाटण्याचा तेवढाच रस्ता त्याला दिसला. ज्या मुली हे गेम खेळतात त्यांच्यातल्या कितीतरी जणी माइक लावतच नाहीत, हे मला त्याच्याकडूनच कळलं. "लावला की संपलं मॅडम," म्हणाला.

तिसऱ्या भेटीत त्याला माझ्या टेबलावर एक सामना खेळायला लावला, स्पीकर चालू ठेवून. मला गेममधलं काही कळत नाही, मी त्याच्याकडे बघत होते. उतरल्यावर पहिली काही मिनिटं सामान गोळा करण्यात गेली, सगळे खुशीत. मग गोळीबार. ह्याला गोळी लागली आणि तो गुडघ्यावर आला. अशा वेळी सोबत्यानं जवळ येऊन काही सेकंद थांबलं तर पुन्हा उभं राहता येतं. कुणी आलं नाही. एकजण हसून म्हणाला, "छोड दे, बॉट है ये." बॉट म्हणजे संगणकानं चालवलेला कच्चा गडी. ओंकारचा जबडा आवळला, मान पुढे गेली, आवाज एकदम खाली उतरला आणि ती शिवी आली, आजीनं ऐकलेली. लगेच त्यानं माझ्याकडे बघितलं. कान लालभडक. पण अंगठे थांबले नव्हते.

सामना संपल्यावर म्हटलं, हात टेबलावर ठेव. बोटं थरथरत होती. खालच्या टपरीवरून चहा मागवला. तो येऊन निम्मा पिऊन झाला तेव्हा कुठं ती थांबली. तेवढ्या वेळात मी गणिताच्या मार्कांचा विषय काढला असता तर? घरी रोज तेच होत होतं. खेळ संपला असं घरच्यांना वाटायचं, त्याचं शरीर अजून त्या बेटावरच असायचं. हाक येते "जेवायला चल", आणि भडका उडतो तो त्या हाकेवर.

हे वडलांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकून बसले. "म्हणजे ओव्हरलोड ट्रिप झाल्यासारखं. लोकं काय करतात, मोटार बंद पडली की लगेच परत बटण दाबतात. रिले थंड तर होऊ द्या. दाबून दाबून वायंडिंग जाळतात आणि मग माझ्याकडं घेऊन येतात." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं, तेव्हापासून इतर पालकांनाही मी हेच सांगते. त्या घरात नियम झाला: सामना संपला की दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, त्यानंही लगेच दुसरा लावायचा नाही. पाणी प्यायचं, गच्चीवर एक चक्कर.

दुसरा नियम त्यानं स्वतः काढला. रागात माणूस वाईट खेळतो, वाईट खेळला की हरतो, हरला की आणखी चिडतो. खेळणाऱ्यांत याला 'टिल्ट' म्हणतात. मी त्याला जुन्या सामन्यांची नोंद उघडायला लावली. बघितलं तर रँक घसरलेली होती ती बहुतेक वेळा रात्री उशिरा, सलग तिसऱ्या-चौथ्या सामन्यात. त्याच्यासाठी हे माझ्या सगळ्या उपदेशापेक्षा मोठं होतं. लागोपाठ दोन हरले की फोन खाली, हे त्यानं त्याच कागदाच्या मागे लिहिलं.

रँडम सोबत्यांना म्यूट करायला मात्र तयार होईना. "म्यूट केलं तर घाबरला म्हणतील."

"म्हणतील. पण तुला ऐकू येईल का?"

दोन सेकंद विचार केला आणि फिसकन हसला. आवाज चिरकला. त्याला कळलं, मलाही कळलं. दोघंही काही बोललो नाही.

पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येते. असे गेम खेळून मूल हिंसक होतं का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये आपली भूमिका मांडताना म्हटलं, की हिंसक गेम आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांत कार्यकारण संबंध दाखवायला पुरेसा पुरावा नाही. ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी मात्र लहानसा संबंध दिसतो. म्हणजे तुमच्या घरात जे चाललंय ते खरं आहे, पण त्यावरून उद्याचा गुन्हेगार रंगवू नका. दुसरी भीती व्यसनाची. 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत आहे, पण त्याचं निदान दोन शिव्यांवरून होत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं ते आहे. ओंकार शाळेत जात होता, रविवारी वडलांच्या दुकानात बसत होता, झोपत होता. तुमच्या मुलाची झोप, शाळा, जेवण सुटलं असेल किंवा तो स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर माझ्या लेखावर थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, किंवा सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. गेममधल्या ओळखीतून कुणी धमकावत असेल, फोटो किंवा पैसे मागत असेल, तर मुलाला रागावण्याच्या आधी पुरावे जपा आणि पोलिसांकडे जा.

मग एरवी बरी असलेली माणसं तिथं अशी का बोलतात? जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्ये याची कारणं मांडली. त्यातली दोन इथं चपखल बसतात: नाव माहीत नसतं, चेहरा दिसत नाही. मी त्यात आपलं एक घालते. उद्या काम पडत नाही. गल्लीतल्या ज्या पोराला शिवी दिली, त्याचीच बॅट दुसऱ्या दिवशी मागायची असायची. रँडमकडे मागायला काही नसतं.

चौथ्या की पाचव्या भेटीत मी ओंकारला विचारलं, "तू कुणाला आंटी म्हटलंयस?"

बराच वेळ टेबलाची कड खरवडत होता. मग म्हणाला, "म्हटलंय. दोन-तीनदा. एक तर लईच बारका होता, आवाजावरून चौथी-पाचवीतला. सगळे म्हणत होते, मी पण म्हटलं. तो निघूनच गेला मग."

"मग?"

"आता सॉरी म्हणायचं तर आयडी पण आठवत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी शोधलंही नाही. ते तसंच त्याच्यापाशी राहू दिलं.

तीन महिने झाले. शिव्या बंद झाल्या म्हणाल तर नाहीत. कमी झाल्यात, आणि देवघराला लागून असलेल्या खोलीत तो आता खेळत नाही. वर्गातल्या तिघांची तुकडी जमलीय, चौथा रँडम आला तर त्याला म्यूट. मध्ये एकदा फोन आपटायला उचलला आणि तसाच गादीवर टाकला, हे वडलांनी मला दुकानातून खास फोन करून कळवलं.

आईचा परवा मेसेज आला. सासूबाई म्हणतायत, ह्याचा घसा बसलाय, आवाज कसा घोगरा येतोय, डॉक्टरला दाखवू का? रात्री हळदीचं दूध सुरू केलंय. मी उलट विचारलं, आवाज तर वर्षभर असाच आहे, तुम्हाला आत्ताच कसं जाणवलं? बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "आधी आमच्याशी बोलायचाच कुठं."