जुन्या सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या लाकूड कोरायच्या मशीनवर) दाराची नक्षी करण्याआधी

नक्षीची फाइल उघडण्याआधी मशीनचा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई, तपास. स्पिंडलला, म्हणजे बिट फिरवणाऱ्या भागाला, डायल गेज (काट्याचं मापक) लाव, एका दिशेने थोडं सरकवून काटा शून्यावर आण, त्याच दिशेने 10 मिमी पुढे ने आणि तेवढंच मागे. काटा शून्यावर परतला नाही, तर वेलबुट्टीतल्या प्रत्येक गोलाला पायऱ्या दिसतील. सॉफ्टवेअरमधल्या भरपाईवर विसंबू नकोस. आधी नट, कपलिंग, बेअरिंग बघ.

आपल्याकडे खारा वारा. त्यात भुसा ओल धरतो आणि रेलवर गंज चढतो. काम संपलं की भुसा काढून तेलाचा हात फिरव, मशीन बंद असेल तेव्हाही.

लाकूड सागाचं घे. त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर मरते, म्हणून बिट (कापायचं पातं) कार्बाइडचंच. फणसाचा पिवळा रंग मला फार आवडतो, पण काही फळ्यांत लाकडाच्या धाग्याची रेषा उलटसुलट असते, कडा तुटतात. सुरुवातीला नको.

6 मिमीच्या बिटने ढोबळ खोदाई, वर अर्धा मिमी माल ठेव. मग 3 मिमीच्या बॉलनोजने (गोल टोकाच्या बिटने), दोन फेऱ्यांत 0.3 मिमीचं अंतर ठेवून, रेषेच्या दिशेने फिनिशिंग. वेळ लागतो, लागू दे. पॉलिशपेपरने घासून नक्षीचा जीव जातो.

आणि पॅनल चौकटीच्या खाचेत सरस लावून कधीच बसवू नकोस. मे महिन्यात केलेलं पॅनल जुलैत रुंदीत फुगतं. दोन्ही बाजूंना 3 मिमी मोकळे ठेव. ऐन पावसात करत असशील तर कमी पुरतं, कारण लाकूड आधीच फुगलेलं असतं.